नोंदींची रुजवात

शास्त्रीय लेखनाची मोजदाद हा विषय वाचकवर्गास रुक्ष वाटण्याचा संभव आहे, आणि तो रुक्ष नाही असा दावा मीही करीत नाही. तथापि ज्या विभागाचे अनुदान, ज्या प्राध्यापकाची बढती आणि ज्या विद्यापीठाचे मूल्यांकन या मोजदादीवर अवलंबून असते, त्यांना तिच्यातील एकेक आकड्यापायी रात्रीची झोप लागत नाही, हे मी ग्रंथालयाच्या सेवेत राहून पुष्कळ पाहिले आहे. गेल्या काही वर्षांत या कामासाठी ‘ओपनअलेक्स’ नावाच्या मुक्त मेटाडेटा-भांडाराशी माझा नित्याचा संबंध आला. तेथे नव्या सोयी येत गेल्या तसतशी आमच्या दप्तरात कोणकोणती गुंतागुंत उत्पन्न झाली, आणि ती सोडविताना कोणते धोरण उपयोगी पडले, हे याच वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगासाठी लिहून ठेवीत आहे.

या भांडाराची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मायक्रोसॉफ्टने आपला ‘अकॅडेमिक ग्राफ’ २०२१ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा त्यावर विसंबून असलेल्या संशोधकांची मोठीच पंचाईत झाली. ती ओळखून जेसन प्रीम आणि हेदर पिवोवार यांच्या ‘अवररिसर्च’ या ना-नफा संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये ओपनअलेक्स सुरू केले. लेखांना डीओआय हा कायम क्रमांक देणारे क्रॉसरेफ, पबमेड, संशोधकांना क्रमांक देणारे ऑर्किड, संस्थांना क्रमांक देणारे रॉर अशा अनेक उगमांतून आलेल्या नोंदी येथे एकत्र येतात, त्या कोणासही विनामूल्य आणि विनाअट वापरता येतात, आणि भांडार चालविणारी संगणकप्रणालीही उघडी असल्यामुळे कोणता निर्णय कोणत्या नियमाने घेतला गेला हे चिकित्सकाला पाहता येते. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाने ‘वेब ऑफ सायन्स’ या व्यापारी सूचीची वर्गणी सोडून या भांडाराचा आश्रय केला, आणि नेदरलँड्समधील लायडन येथून निघणाऱ्या विद्यापीठ-क्रमवारीची मुक्त आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत याच्याच आधारे निघाली, यावरून त्याची प्रतिष्ठा ध्यानात यावी. ज्या ग्रंथालयांना व्यापारी सूचींची वर्गणी झेपत नाही, त्यांच्या दृष्टीने तर हे मोठेच साहाय्य आहे.

परंतु उघड्यावर चाललेल्या कामात सुधारणाही उघड्यावर आणि वारंवार होतात. छापील सूचीचा खंड एकदा बांधून आला की त्यातील रकान्यांचा अर्थ पन्नास वर्षे तोच राहतो. येथे रकान्याचे नाव तेच राहून अर्थ बदलू शकतो, किंवा अर्थ तोच राहून नाव बदलते, आणि त्याची सूचना रीतसर प्रसिद्ध झालेली असली तरी ती वाचण्याची सवय आपल्याकडे फारशी कोणास नसते.

पहिला प्रसंग असा: एका विद्यापीठातील एका विज्ञानविभागाने आपल्या अध्यापकांचे ओपनअलेक्समधील लेखक-क्रमांक एका एक्सेल-तक्त्यात नोंदवून, त्यांच्या आधारे दरवर्षीचा संशोधन-अहवाल तयार करण्याची व्यवस्था केली होती. जुलै २०२३ मध्ये ओपनअलेक्सने लेखक ओळखण्याची पद्धतीच पालटली: ऑर्किडचा क्रमांक, सहलेखक, संदर्भ आणि विषय यांचा मेळ घालून लेखकांची नव्याने वर्गवारी केली, आणि पूर्वीचे सर्व क्रमांक रद्द करून त्यांच्या जागी नवे दिले. सुधारणा इष्ट होती, याविषयी मला शंका नाही. परंतु विभागाच्या तक्त्यातील क्रमांक निकामी झाले, आणि अहवालाची मुदत जवळ आल्यामुळे संबंधित कारकुनाने नावावरून शोध घेऊन नवे क्रमांक भरून टाकले. महाराष्ट्रात ‘पाटील एस. आर.’ किंवा ‘जाधव व्ही. एम.’ या नावाचे संशोधक किती असतील याची ज्यास कल्पना आहे, त्याला पुढे काय झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही. रसायनशास्त्राच्या एका अध्यापकाच्या खात्यात ऊस-संशोधनाचे लेख जमा झाले, आणि विवाहानंतर आडनाव बदललेल्या एका विदुषीचे अर्धेअधिक लेखन अहवालातून नाहीसे झाले. कागद रुजवातीसाठी माझ्याकडे आले ते त्यानंतर.

आपल्या गावांत एकत्रीकरण योजना लागू होऊन सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले, तेव्हा ज्याच्यापाशी जुन्या-नव्या नंबरांचा ताळा होता त्याचेच काम निभावले, हे जमिनीच्या व्यवहारात पडलेल्या कोणासही ठाऊक आहे. या भांडाराचे अंतर्गत क्रमांकही त्याच जातीचे आहेत. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, आपली नोंदवही त्या क्रमांकांवर कधीही उभी करू नये. लेखासाठी डीओआय आणि व्यक्तीसाठी ऑर्किड हे क्रमांक मुख्य मानावेत, आणि भांडाराचा क्रमांक बाजूच्या रकान्यात, तो ज्या तारखेस घेतला ती तारीख घालून, केवळ सोय म्हणून ठेवावा. ज्या अध्यापकाने अद्याप ऑर्किड काढलेला नाही, त्याच्याकडून तो काढून घ्यावा व त्यात आपल्या नावाची सर्व रूपे भरण्यास सांगावे. नवी पद्धत ऑर्किडचा आधार घेते, त्यामुळे या खटाटोपाचे फळ पदरात पडते. आमच्याकडे काही ज्येष्ठ मंडळींनी याला कारकुनी काम म्हणून नाक मुरडले. ते कारकुनीच आहे, हे मान्य करून मी त्यांच्याशेजारी बसून ते पुरे करून घेतले.

दुसरा प्रसंग अधिक सूक्ष्म आहे, आणि मला तो अधिक बोधप्रद वाटतो. आरंभी नियतकालिकातील बहुतेक सर्व लेखन या भांडारात ‘लेख’ या एकाच प्रकारात मोडत असे. पुढे २०२४ मध्ये समीक्षालेख आणि प्रकाशनपूर्व मसुदे यांचे प्रकार वेगळे काढण्यात आले. ज्या नियतकालिकांचे कार्यच समीक्षालेख छापण्याचे आहे त्यांतील लेखन, तसेच ज्याच्या शीर्षकातच तो समीक्षालेख असल्याचे म्हटले आहे असे लेखन, ‘समीक्षालेख’ या नव्या शीर्षकाखाली गेले. वर्गीकरण शास्त्रशुद्ध झाले खरे, परंतु ज्या विभागाचा जुना प्रश्न केवळ ‘लेख’ या प्रकाराची संख्या विचारीत होता, त्याला त्याच जुन्या वर्षांची संख्या अकस्मात कमी झालेली दिसू लागली. त्यावर एका सभेत संशोधनाच्या ऱ्हासाची कारणमीमांसा बराच वेळ चालली. अध्यापनाचा वाढता भार, रिक्त जागा, निधीची टंचाई ही सर्व कारणे स्वतंत्रपणे सत्य होती. फक्त त्या घटीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

यावरचा उपाय सोपा आहे, पण त्याला शिस्त लागते. अहवाल काढताना भांडाराला विचारलेला प्रश्न शब्दशः, त्यातील सर्व गाळण्यांसह, अहवालाच्या परिशिष्टात नोंदवावा. आलेले मूळ उत्तर, त्यात काहीही फेरफार न करता, तारखेसह जतन करावे. आणि मागील वर्षाशी तुलना करावयाची असेल तर मागील वर्षाचा छापील आकडा न घेता, त्याही वर्षाची संख्या आजच्या नियमांनी पुन्हा काढावी. संपूर्ण भांडाराची प्रत वेळोवेळी विनामूल्य उपलब्ध होते, परंतु ती शेकडो गिगाबाइटांची असल्यामुळे सामान्य महाविद्यालयाने तिच्या नादी लागू नये. स्वतःच्या संस्थेपुरता उतारा काढून ठेवला तरी पुरे.

विषयांच्या वर्गवारीचेही असेच झाले. मायक्रोसॉफ्टकडून वारशाने आलेल्या सुमारे ६५,००० ‘संकल्पनां’च्या जागी आता लायडन विद्यापीठाच्या साहाय्याने रचलेले सुमारे ४,५०० ‘विषय’ आले असून ते ४ ज्ञानप्रांत, २६ क्षेत्रे आणि २५२ उपक्षेत्रे यांत विभागलेले आहेत. जुन्या संकल्पनेवर बेतलेला आलेख नव्या विषयावर चढवू नये, एवढे येथे पुरे. मागे घेतलेल्या लेखांवर भांडार जी खूण करते तिच्याविषयी मात्र अधिक सावध राहावे. ती खूण दिसली वा दिसली नाही, यावर कोणत्याही व्यक्तीविषयी मत बनवू नये, आणि क्रॉसरेफने २०२३ मध्ये विकत घेऊन सर्वांना खुल्या केलेल्या ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या यादीशी व प्रत्यक्ष प्रकाशकाच्या निवेदनाशी ताडून पाहिल्यावाचून एक अक्षरही लिहू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात ‘वॉल्डन’ या नावाने भांडाराची आतील यंत्रणा पुन्हा लिहून काढण्यात आली आणि कोट्यवधी नव्या नोंदींची भर पडली. तेव्हापासून मी जुने सर्व उतारे नव्याने ताडून पाहण्याचे काम हाती घेतले आहे, आणि ते संथपणे चालू आहे.

संस्थांच्या नावांबाबत आपल्याकडची अडचण विशेष आहे. पुण्याच्या विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली, आणि २०१४ मध्ये त्याच्या नावास सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडले गेले. साहजिकच जुन्या लेखांवर पूना, नंतरच्यांवर पुणे आणि अलीकडच्यांवर नवे संपूर्ण नाव आढळते. रॉरच्या नोंदीत अशी पर्यायी नावे एकत्र ठेवता येतात, म्हणून एवढ्या मोठ्या संस्थेचे सहसा बिघडत नाही. हाल होतात ते संलग्न महाविद्यालयांचे. लेखक पत्त्यात महाविद्यालयाचे संक्षिप्त नाव आणि पाठोपाठ विद्यापीठाचे नाव घालतो, यंत्राला त्यातले विद्यापीठच ओळखू येते, आणि महाविद्यालयाचे श्रेय परस्पर वरच्या घरी जाते. भांडारात लेखकाने लिहिलेला मूळ पत्ताही जतन केलेला असतो. तो वाचूनच श्रेय जमा करावे. महाविद्यालयाची रॉरमध्ये नोंद नसल्यास ती करण्याचा अर्ज विनामूल्य देता येतो, हे प्राचार्यांच्या कानावर घालावे.

राहता राहिला भाषेचा रकाना. तो २०२३ मध्ये आला, तेव्हा आता मराठीतील संशोधनाची मोजदाद सुलभ होईल अशी आमच्यापैकी अनेकांना आशा वाटली. परंतु तेथील भाषा ठरते ती सारांशावरून, आणि सारांश नसल्यास शीर्षकावरून, यंत्राच्या अनुमानाने. पूर्ण लेख कोणत्या भाषेत आहे हे यंत्र पाहत नाही. आमच्या परिचयाचे एक इतिहासविषयक नियतकालिक लेख मराठीत छापते, पण डीओआयसाठी नोंदणी करताना शीर्षक आणि सारांश केवळ इंग्रजीत पाठविते. परिणामी त्याचे सर्व लेखन या भांडारात इंग्रजी म्हणून रुजू आहे. ज्यांना डीओआयच नाही, अशा अनेक मराठी नियतकालिकांची तर तेथे बहुधा नोंदच सापडत नाही. क्रॉसरेफच्या नमुन्यात मूळ भाषेतील शीर्षकासाठी स्वतंत्र जागा आहे, हे मी त्या संपादकांना नमुना पुढे ठेवून दाखविले. नव्या अंकापासून देवनागरी शीर्षक जाऊ लागले आहे. सारांशही मराठीत द्यावा की नाही याविषयी त्यांच्या मंडळात अद्याप मतभेद आहे, आणि मागील अंकांच्या नोंदी कोणी दुरुस्त करावयाच्या हा प्रश्न पुढील बैठकीपर्यंत तहकूब आहे.