नोट्स कमी, उजळणी जास्त

पूर्णगडासारख्या गावात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला आता पुस्तकांची वानवा नाही. अडतं ते पुढे. वाचलेलं ऐन पेपरात आठवत नाही. मी मराठी माध्यमातून तयारी केली, आणि आता पावस-गावखडीकडच्या मुलामुलींच्या वह्या पाहतो. त्यातून मनात पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. आधी अभ्यासक्रम, मग वही.
यूपीएससीचा अभ्यासक्रम समोर ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला एक पान द्या. त्या मुद्द्यावर मागच्या वर्षांत आलेले प्रश्न पानाच्या डोक्यावर लिहा. म्हणजे काय टिपायचं आणि काय सोडायचं, हे प्रश्नच सांगतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा ही सवय दोन्हीकडे कामी येते.

२. पहिल्या वाचनात पेन उचलू नका.
तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पुस्तकच वहीत उतरतं. दुसऱ्यांदा वाचून झालं की पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, मग उघडून राहिलेलं भरा.

३. एक विषय, एकच जागा.
बांधीव वहीपेक्षा फाइलमधली सुटी पानं बरी. पंचायत राजच्या पानावर ७३वी घटनादुरुस्ती, ती लागू झाल्याची तारीख २४ एप्रिल १९९३ आणि अकराव्या अनुसूचीतले २९ विषय असतील, तर ग्रामपंचायतींच्या निधीची बातमीही तिथेच एका ओळीत जाऊ द्या. तारखेवार लिहिलेल्या चालू घडामोडी परीक्षेच्या आधी कोणी उलटून पाहत नाही.

४. टिपण थेट मराठीत करा.
यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न असतात. दहा गुणांना १५० शब्द, पंधरा गुणांना २५०. प्रश्नामागे सरासरी नऊ मिनिटं येतात. तेवढ्यात मनातल्या मनात भाषांतर करायला सवड नसते. इंग्रजी पुस्तक वाचलं तरी टिपण मराठीत उतरवा, आणि एका संज्ञेला ठरवलेला शब्द शेवटपर्यंत बदलू नका.

५. आपलं गाव नोट्समध्ये आणा.
आपल्या मुलांचं खरं बळ इथे आहे. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग मुचकुंदीच्या खाडीत लहानपणापासून पाहिलेले असतात. सूर्य-चंद्राच्या आकर्षणाचं कारण त्यांना जोडलं की भूगोलाचा एक मुद्दा कायमचा बसतो. मासेमारी हा राज्यसूचीतला २१वा विषय, पण प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे बारा सागरी मैलांच्या पलीकडची मासेमारी संघसूचीत ५७व्या क्रमांकावर आहे. पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमारांचा वाद याच्या शेजारी लिहा, की संघराज्याच्या प्रश्नाला जिवंत उदाहरण मिळतं. गावखडीच्या वाळूत अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पर्यावरणाच्या पानावर ती हवीतच, आणि २०१९ची सीआरझेड अधिसूचनाही. असं उदाहरण पाठ करावं लागत नाही, आणि उत्तर चारचौघांपेक्षा वेगळं होतं.

६. पूर्व आणि मुख्य परीक्षेची टिपणं वेगळी ठेवा.
यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे शंभर प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. तिथे घोटाळा होतो तो जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत. राज्यसभा-विधान परिषद, वित्त विधेयक-धन विधेयक अशा जोड्यांचे तक्ते करा. मुख्य परीक्षेला कारणं, परिणाम, उपाय आणि उदाहरण या क्रमाने लिहा.

७. प्रत्येक उजळणीत टिपण लहान करा.
पहिल्या खेपेला चार पानं असतील तर पुढच्या खेपेला दोन, मग एक. कोपऱ्यात उजळणीची तारीख घाला. बरेच दिवस तारीख पडली नाही, तर ते पान आधी हातात घ्या. नवं पुस्तक आणण्याआधी जुनी फाइल एकदा पूर्ण वाचून काढा.

टिपण झालं की नाही, याची परीक्षा सोपी आहे. त्या पानावर नजर टाकून ते बाजूला ठेवा, घड्याळ लावा आणि नऊ मिनिटांत उत्तर लिहा. उत्तर जमलं तर टिपण पुरं झालं. अडलात, तर जिथे अडलात तेवढंच पुन्हा वाचा आणि पानात भर घाला. आज एकाच मुद्द्यापासून सुरुवात करा.