ह्याचा डाव कुठला?

कोल्हापूर

चि. सोनू,

तुझा मेसेज वाचला. शिष्यवृत्ती मिळाली, फार आनंद झाला. त्या पैशातून पोकेमॉन कार्डांचा सीलबंद बॉक्स घ्यायचा, दहा वर्षं न फोडता ठेवायचा आणि मग विकायचा, असा तुझा बेत दिसतो. शिवाय दादाची आणि माझी डब्ल्यूडब्ल्यूएफ कुस्तीची जुनी कार्डंही तू मागवली आहेस, कारण नव्वदच्या दशकातल्या वस्तूंना आता चांगला भाव येतो म्हणतोस. कार्डं जरूर पाठवते. त्यांच्यासोबत चार गोष्टी लिहिते, त्या नीट वाच आणि मग पैसे कुठे घालायचे ते तुझं तू ठरव.

१९९१ साली स्टार टीव्ही सुरू झाला. गच्चीवरून गच्चीवर केबलच्या वायरी गेल्या आणि गल्लीतल्या पोरांना हल्क होगन, अंडरटेकर, ब्रेट हार्ट तोंडपाठ झाले. पाठोपाठ वह्या-पेन्सिलींच्या दुकानांत ट्रम्प कार्डं आली. ब्रिटनमध्ये 'टॉप ट्रम्प्स' नावाने हा खेळ १९७८ पासून होता. आमच्या हाती लागला तो मात्र या पैलवानांच्या रूपात. कार्डावर वर फोटो आणि खाली हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स, रँक. कार्डं पिसून वाटायची. ज्याची पाळी त्याने आपलं वरचं कार्ड बघून एक आकडा पुकारायचा. मोठा आकडा ज्याचा, त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. रँकमध्ये मात्र लहान आकडा वरचढ. योकोझुना हाती आला की डोळे मिटून 'वेट' पुकारावं. जायंट गोन्झालेझ आठ फुटांचा म्हणून मिरवायचा, तो आला की 'हाइट'. दोन दुकानांतल्या सेटांमध्ये एकाच माणसाचे आकडे वेगळे निघत, मग कुणाचा सेट खरा यावर दुपारभर भांडण चाले. रडीचा डाव खेळणाऱ्याशी कट्टी होई आणि संध्याकाळी त्याच्याच दारात 'खेळायला येतोस का' म्हणून उभं राहावं लागे. सेट त्याच्याकडे असे ना!

आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, एकदा ही कार्डं हातात घेतली. शाहू महाराजांनी १९१२ साली उभ्या केलेल्या खासबाग मैदानात लहानपणापासून कुस्त्या बघितलेला माणूस तो. एकेक कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "छाती लिवलीया, दंड लिवलाय. ह्याचा डाव कुठला, ते कुठं हाय?"

त्या प्रश्नाने आमची सगळी सुट्टी बदलून टाकली. दादाने जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, मी त्या कार्डाच्या मापाने कापल्या. आबा सांगत गेले आणि आम्ही लिहीत गेलो. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे. १९६० चे हिंदकेसरी, मोतीबाग तालमीचे गणपत आंदळकर. मारुती माने, हरिश्चंद्र बिराजदार. खाशाबा जाधवांचं कार्ड आता माझ्यासमोर आहे. मागच्या बाजूला पत्रिकेतला गणपती अर्धा कापला गेलाय. पुढे दादाच्या गिचमिड अक्षरात लिहिलंय : 'गाव गोळेश्वर, कराडजवळ. उंची ५ फूट ५ इंच. लंडन ऑलिम्पिक १९४८, सहावे. हेलसिंकी १९५२, कांस्य. डाव : ढाक.' योकोझुनासमोर हाइट आणि वेट दोन्हींत खाशाबा हरायचे. म्हणून आम्ही खेळात 'डाव' हा नवा रकाना घातला आणि कुठला डाव कुठल्यावर भारी, हे विचारायला गल्लीतली सगळी पोरं आबांच्या भोवती बसू लागली. मी मुलगी, मला तालमीत कोण घेणार होतं? पण कलाजंग म्हणजे काय आणि धोबीपछाड कशी मारतात, ते मला या कार्डांनी शिकवलं.

आता तू म्हणतोस त्या किमतीविषयी. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांचं फार मोठं वेड होतं. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या संचातला शेवटचा भाग मोसम सरताना बाजारात आला आणि फारसा खपला नाही. उरलेली खोकी गुदामात जागा अडवत होती, म्हणून तो संच घडवणाऱ्या साय बर्जर यांनीच १९६० साली ती बोटीवरून समुद्रात टाकून दिली. त्याच भागातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. ही बातमी तू वाचली असशीलच. पण ते एवढं महाग का, याचा विचार केलास का? उरलेली समुद्रात गेली. विकली गेलेली पोरांनी खिशात कोंबली, सायकलच्या तारांत अडकवली, आयांनी घर आवरताना फेकून दिली. जपून ठेवावीत असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, म्हणून धड राहिलेलं एखादंच.

पुढे ऐंशीच्या दशकात जुन्या कार्डांचे भाव वधारले आणि मोठी माणसं नवी कार्डं पेट्या भरभरून घेऊ लागली. मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून कितीतरी बापांनी ती माळ्यावर ठेवली. कंपन्यांनीही मागणीप्रमाणे छापली. १९९४ साली खेळाडूंचा संप होऊन वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, लोकांचं मन उडालं आणि फुगा फुटला. आज त्या काळातल्या बहुतेक कार्डांना कुणी विचारत नाही. सगळ्यांनीच जपली, त्यामुळे ती सगळ्यांकडेच आहेत.

पोकेमॉनच्या कंपनीने मार्च २०२४ ला संपलेल्या एकाच वर्षात सुमारे १,१९० कोटी कार्डं काढली. एखाद्या बॉक्सचा भाव चढेलही, मी नाही म्हणत नाही. पण तू घेणार तो बॉक्स तुझ्यासारखाच विचार करून लाखो जण कपाटात ठेवताहेत. शिष्यवृत्ती अभ्यासासाठी मिळाली आहे. ती अशा भरवशावर लावू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्डांचा नाद मात्र सोडू नकोस. चार पाकिटं घे आणि फोड. साठ कार्डांचा डेक बांध, नियम शीक आणि समोर माणूस बसवून खेळ. डबल आलेली कार्डं विकण्यापेक्षा बदल. बदलताना समोरचा लहान असेल आणि त्याला किंमत ठाऊक नसेल, तर ती त्याला आधी सांग आणि मग सौदा कर. माणसाची नियत अशा छोट्या सौद्यांत घडते. कार्डांना रबरबँड लावू नकोस, कडा कापल्या जातात. पावसाळ्यात ओल लागू देऊ नकोस.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य माझ्या मनात राहिलं, 'तुमचं दशक भारी होतं, आमच्या वाट्याला काहीच नाही.' बाळा, आमच्या दशकाचा हेवा करू नकोस. तेव्हाही दुपारी वीज जायची, पैसे पुरत नसत, आवडीचं कार्ड मिळालं नाही म्हणून आम्ही रडायचोही. तरी तो काळ गोड वाटतो, कारण एका कार्डासाठी आम्हाला पाच घरं फिरावी लागली आणि त्या पाचही घरांतली माणसं आमची झाली. दादाचा सर्वांत जवळचा मित्र आजही तोच आहे, ज्याच्याशी त्याने अंडरटेकरवरून महिनाभर अबोला धरला होता. हे तुझ्या वसतिगृहातही घडू शकतं. त्यासाठी जुनं दशक विकत घ्यावं लागत नाही.

पाकिटात डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं घातली आहेत. विकायची तर खुशाल वीक, दादाची आणि माझी ना नाही. लग्नपत्रिकेची कार्डं मात्र मी पाठवत नाही. तुला ती हवी असतील तर स्वतः कर. आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी चहानंतर तासभर त्यांना बोलायला आवडतं, आणि कुस्त्यांचं विचारलं तर थांबतच नाहीत. आमच्या सेटमध्ये आम्ही नावं लिहिली, पण त्या पैलवानांचा खुराक, त्यांचे वस्ताद, ते कुठल्या मातीत घडले, हे विचारायचं राहून गेलं. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस इकडे काढ. कोरा पुठ्ठा, कात्री आणि जाड निबाचं पेन घेऊन ये. रोज सकाळी एक पैलवान, एवढा नेम ठेव. जे सांगतील ते त्याच दिवशी लिही, उद्यावर टाकू नकोस.

तुझी,
आत्या