तोतरेपणा : कारणे आणि उपाय



हिशेबपत्रकांच्या आधीची दोन पाने एखाद्या विकाराच्या परिचयासाठी राखून ठेवण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा तोतरेपणा हा विषय घेतला आहे. यात ताप येत नाही, रक्ततपासणीत वा क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. त्यामुळे यासाठी रुग्णालयात यावे हेच पुष्कळांना सुचत नाही. "मोठा झाला की बोलेल नीट" या आशेवर मोलाची वर्षे निघून जातात. आम्ही वाणिज्य शाखेचे. तेव्हा पुढील विवेचनातील वैद्यकीय भाग वाचाउपचारतज्ज्ञांकडून समजून घेऊन मांडला आहे.

प्रथम एक गल्लत दूर करू. 'र'च्या जागी 'ल' म्हणणे हा बोबडेपणा, तोतरेपणा निराळा. तोतऱ्या बोलण्यात उच्चार ठाऊक असतो, शब्दही मनात तयार असतो, परंतु तो बाहेर पडताना अडतो. कधी 'क-क-कमळ' अशी पुनरावृत्ती होते, कधी 'स्स्स्सकाळ' असा ध्वनी लांबतो, तर कधी ओठ मिटलेले राहून काहीच उमटत नाही. या शेवटच्या प्रकारात पाहणाऱ्यास मूल गप्प वाटते. प्रत्यक्षात ते त्या क्षणी सर्वाधिक झगडत असते.

साधारणतः २ ते ५ वर्षे या वयात, वाक्ये जुळू लागण्याच्या काळात, सुमारे ५ टक्के मुलांत तोतरेपणा दिसतो. त्यांतील बहुसंख्य मुले पुढे आपोआप सुधारतात आणि प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे १ टक्का उरते. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो अधिक टिकतो. कोणते मूल आपोआप सुधारेल हे खात्रीने सांगता येत नाही, हीच खरी अडचण आहे. म्हणून अडखळणे सहा महिन्यांहून अधिक काळ चालू राहिले, घराण्यात कोणी तोतरे असले किंवा मूल बोलणे टाळू लागले, तर वाट पाहू नये.

कारणांविषयी आपल्याकडे समजुतींना तोटा नाही. जीभ जड आहे, लहानपणी मूल घाबरले, कोणाची नक्कल केली, डावखुऱ्यास उजव्या हाताने लिहायला लावले! युरोपातही फार वेगळे नव्हते. १८४१ मध्ये बर्लिनचे नामांकित शल्यविशारद डीफेनबाख यांनी तोतरेपणावर उपाय म्हणून रुग्णांच्या जिभेचा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. दोष जिभेत नव्हताच. मेंदूतील वाणीची केंद्रे व त्यांना जोडणारे तंतू यांच्या कामाचा, विशेषतः ध्वनींची वेळ साधण्याचा, मेळ बसण्यात फरक असतो, असे आजचे शास्त्र सांगते. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून सुरू झालेल्या संशोधनात २०१० मध्ये तोतरेपणाशी संबंधित तीन जनुके निश्चित झाली. अर्थात त्यांनी थोड्याच रुग्णांचा उलगडा होतो.

हेच तोतरे मूल वर्गासोबत पाढे म्हणताना किंवा आरती गाताना अडत नाही, असा अनुभव पालक सांगतात. "मग हा मुद्दाम करतो," असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. ताल बाहेरून मिळाला की मेंदूचे काम सोपे होते, एवढाच त्याचा अर्थ.

रागावण्याने काय होते, याची एक कटू नोंद अमेरिकेत आहे. १९३९ मध्ये आयोवा राज्यात एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना तुमचे बोलणे सदोष आहे, असे वारंवार सांगण्यात आले. ती तोतरी झाली असे सिद्ध झाले नाही, पण बोलायला बिचकू लागली. हा प्रकार २००१ मध्ये उजेडात आल्यावर विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये राज्याने ९,२५,००० डॉलरची भरपाई दिली. मातापित्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपल्या बोलण्यामुळे मूल तोतरे झाले, हा अपराधभाव नको. मात्र "नीट बोल" या धाकाने त्याचे उरलेले बोलणेही बंद होऊ शकते.

लहान मुलांच्या उपचारात पालकच मुख्य असतात. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या लिडकम पद्धतीत तज्ज्ञ पालकांना शिकवतात आणि पालक घरी रोज थोडा वेळ मुलाशी बोलतात. सहज बोलण्याचे कौतुक करतात, अडखळण्याचा बाऊ करत नाहीत. शाळेच्या वयापूर्वी याचा उपयोग चांगला होतो. घरात एवढे पाळावे : शब्द पुरा करून देऊ नये, "श्वास घे, सावकाश बोल" असे सांगू नये, स्वतः संथ बोलावे आणि मुलाकडे पाहत ऐकावे. मोठ्यांना शब्दाची सुरुवात हळुवार करणे, स्वर लांबवणे शिकविले जाते. हमखास औषध नाही. गुटिका विकणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. प्रौढांत अडखळणे पूर्ण थांबेलच असे नाही, म्हणून टाळाटाळ थांबविणे हेही उपचाराचे उद्दिष्ट असते. अडणारा शब्द बदलून दुसरा वापरण्यात ही मंडळी पटाईत होतात. स्वतःचे नाव मात्र बदलता येत नाही. पुष्कळांना तेच सर्वांत कठीण जाते.

केसपेपरच्या खिडकीवर नेमके नावच विचारले जाते. नाव लिहून घेण्यासाठी तेथे कागद ठेवावा, असे आम्ही सुचविले होते. वाचाउपचारतज्ज्ञांचे मत पडले की, त्याने टाळण्याची सवय पक्की होईल. त्याऐवजी कर्मचाऱ्याने थांबावे. तशी सूचना दिली आहे. मागे रांग वाढते, कुरकुर होते. ती रुग्णबांधवांनी सोसावी, ही विनंती.

देणगीदारांस एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या विभागास महागडे यंत्र लागत नाही. शांत खोली, आरसा, चित्रांची पुस्तके आणि तज्ज्ञाचा वेळ एवढेच लागते. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, तज्ज्ञाच्या तासावर लावता येत नाही. म्हणून या विभागासाठी निधी मागणे आम्हास अवघड जाते. तरीही मागतो.

प्रथम भेटीस येताना मुलाच्या घरातील बोलण्याचे मोबाईलवर ध्वनिमुद्रण आणावे, कारण तज्ज्ञांसमोर मूल कित्येकदा अगदी अस्खलित बोलते.