अळंबीच्या पिशवीला छिद्रे कशासाठी?

बिस्किटांचा पुडा उघडा राहिला तर बिस्किटे सादळतात, म्हणून आपण ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. अळंबीच्या पिशवीला मात्र मुद्दाम बारीक छिद्रे पाडतात. असे का? बिस्किट निर्जीव आहे. अळंबी मात्र तोडल्यानंतरही जिवंत असते, हे त्याचे कारण.

तोडल्यानंतरचे जीवन

अळंबी ही हिरवी वनस्पती नसून कवक आहे. बाजारात मिळणारी पांढरी बटन अळंबी टोपीखालचा पडदा फाटण्यापूर्वीच तोडतात. पण तोडल्याने तिची वाढ थांबत नाही. देठ लांबतो, टोपी छत्रीसारखी उघडते, पडदा फाटतो आणि आतले कल्ले काळपट दिसू लागतात. या वाढीसाठी लागणारी ऊर्जा ती श्वसनातून मिळवते. म्हणजेच ती ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. रुंद तोंडाच्या बरणीत चार-पाच ताज्या अळंब्या ठेवा. शेजारी छोट्या वाटीत चुन्याची निवळी ठेवून झाकण घट्ट लावा. दुसऱ्या बरणीत अळंबी न ठेवता फक्त निवळीची वाटी ठेवा. काही तासांनी दोन्ही वाट्यांची तुलना करा. अळंबीजवळची निवळी अधिक दुधाळ झालेली दिसेल.

अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. बटाट्याला साल असते, सफरचंदावर मेणाचा पातळ थर असतो; अळंबीला असे संरक्षक आवरण नसते. त्यामुळे उघड्यावर ती लवकर सुकते. तिला जरा दाब बसला की पेशी फुटतात, त्यांतील विकरांचा फिनॉल गटातील द्रव्यांशी व हवेतील ऑक्सिजनशी संबंध येतो आणि तपकिरी डाग पडतो. कापलेले वांगे काळे पडते तेही अशाच क्रियेने.

वेष्टनापुढील पेच

आता वेष्टन कसे हवे ते पाहू. अळंबी उघडी ठेवली तर सुकते. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद केली तर? प्लॅस्टिकमधून पाण्याची वाफ फारशी बाहेर पडत नाही. ती आत साठते, थंड झाली की तिचे थेंब बनतात आणि ओल्या टोपीवर जीवाणू वाढून चिकट, तपकिरी ठिपके दिसू लागतात. शिवाय अळंबी आतला ऑक्सिजन भराभर वापरते. प्लॅस्टिकमधून बाहेरचा ऑक्सिजन तेवढ्या वेगाने आत येऊ शकत नाही.

ऑक्सिजन थोडा कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त असेल तर श्वसन मंदावते, टोपी उशिरा उघडते. हा फायदाच होय. पण ऑक्सिजन जवळजवळ संपला तर धोका उद्भवतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात. ऑक्सिजन नसलेल्या जागी हा जीवाणू वाढतो आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारे अत्यंत जहाल विष तयार करतो. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अळंबीच्या देठात हे बीजाणू मुद्दाम टोचून ती प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळली व २० अंश सेल्सिअसला ठेवली. तीन-चार दिवसांतच काही अळंब्यांत विष आढळले आणि त्या वेळी अळंबी दिसायला खाण्याजोगीच होती! म्हणून छिद्रे हवीत. त्यांतून ऑक्सिजन आत येतो, जादा वाफ बाहेर जाते, आणि तरीही अळंबी उघड्यावर सुकते तेवढी सुकत नाही.

थंडाव्याला पर्याय नाही

वेष्टन कितीही चांगले असले तरी ते श्वसन पूर्ण थांबवू शकत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणूनच नेहमीच्या तापमानाला एक-दोन दिवसांत बिघडणारी बटन अळंबी शून्य ते दोन अंशांना ठेवली तर आठवडाभर चांगली राहू शकते. तोडल्याबरोबर ती थंड करणे आणि विकली जाईपर्यंत थंडच ठेवणे यासाठी म्हणूनच धडपड करावी लागते.

करून पाहा

एकाच दिवशी आणलेल्या अळंबीचे प्रत्येकी ५० ग्रॅमचे चार गट करा. पहिला उघड्या बशीत, दुसरा बंद प्लॅस्टिक पिशवीत आणि तिसरा सुईने दहा-बारा छिद्रे पाडलेल्या तशाच पिशवीत ठेवा. हे तिन्ही गट खोलीत एकाच जागी असू द्या. चौथा गट छिद्रांच्या पिशवीतच, पण फ्रिजमध्ये ठेवा. चार दिवस रोज ठरावीक वेळी वजन, रंग, टोपीची स्थिती व ओलसरपणा यांची नोंद करा. ५० ग्रॅमचे ४४ ग्रॅम झाले तर घट १२ टक्के, याप्रमाणे हिशेब मांडा. बंद पिशवी उघडू नका. तिचे वजन पिशवीसकट करा व पिशवीचे वजन आधीच टिपून ठेवा.

सर्वांत कमी वजन घटलेला गट हाच सर्वांत ताजा आहे का, याचा विचार आपल्या नोंदींवरून करा. प्रयोग संपल्यावर यांतील कोणतीही अळंबी खाऊ नका, पिशव्या न उघडता टाकून द्या आणि हात साबणाने धुवा. नुसते पाहून किंवा वास घेऊन प्रत्येक धोका ओळखता येत नाही, हे वरच्या संशोधनाने दाखवून दिलेच आहे.