धूळपाटीपासून सुरुवात कर

चि. सई,

नववीच्या मुलांकडून विकिपीडियावर गावाचा लेख लिहून घ्यायचा, तोही गॅदरिंगच्या आत, असं तू फोनवर म्हणालीस. जरूर घे, पण गॅदरिंगचं विसर. मी पहिल्या वर्षी सगळा वर्ग संगणक कक्षात नेऊन खाती उघडायला लावली. सहा उघडली, सातव्याला नकार! एकाच आयपी पत्त्यावरून दिवसाला ६ खाती, हा नियम मला कुठं ठाऊक? तास त्यातच गेला. तू आधीच पोरांना घरून खाती उघडून आणायला सांग. आणि खऱ्या नावानं नकोत, टोपणनावानं.

मग धूळपाटी. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाचं नावच ते आहे. तिथं पंधरा दिवस खुशाल गिरवू देत.

खरी गंमत पुढे. एका मुलीनं लिहिलं, 'आमची बारव शिवकालीन आहे.' दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसानं त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असं लावून ठेवलेलं. पोर रडवेली. "बाई, आजीनं सांगितलंय!" आजी खोटं कशाला बोलेल? पण विकिपीडियाला प्रसिद्ध झालेला आधार लागतो. आम्ही गॅझेटिअर चाळलं, त्यात बारवेचं नावही नाही. वाक्य काढलं. आजीचं सांगणं मात्र वर्गापुरत्या वेगळ्या काढलेल्या आमच्या विकीवर गेलं, कुणी, कधी, कुणाला सांगितलं त्यासकट. पुढे त्याखाली आणखी दोन आज्यांची वेगळीच हकिकत आली, आणि कुणाचं खरं यावर वर्ग तासभर भांडला. इतका इतिहास मी फळ्यावर कधी शिकवला नव्हता.

म्हणून म्हणते, जगाचा ज्ञानकोश आणि वर्गाची वही वेगळी ठेव. वॉर्ड कनिंगहॅमनं १९९५ साली पहिली विकी काढली ती ज्ञानकोश नव्हतीच. प्रोग्रामर मंडळींनी आपापले अनुभव लिहायची जागा होती ती. विकिपीडिया आला २००१ मध्ये. शाळेला पहिली तऱ्हाच जास्त मानवते, असं माझं मत.

गुण तयार लेखाकडे बघून देऊ नकोस. 'इतिहास पहा' उघड. कोणी कधी काय बदललं, सगळं ओळीनं दिसतं. आमच्या सर्वांत लांबलचक परिच्छेदाचा धनी रात्री पावणेबाराला आला होता, गाइडातला उतारा डकवून गेला होता. (प्रताधिकारापायी तो उडाला, बरंच झालं.) आणि मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा तीन आठवडे इतरांच्या वाक्यांतले ऱ्हस्व-दीर्घ नीट करत होता. इतिहास उघडला नसता तर मी त्याला नापास केलं असतं.

आणखी एक, मुलांच्या वाक्यात स्वतः हात घालू नकोस. खाज सुटेल, मलाही सुटायची. जे सांगायचं ते चर्चा पानावर लिही आणि थांब. दुरुस्ती त्यांना करू दे.

खाती झाली की धूळपाट्यांचे दुवे पाठव. मी वाचेन, बोलेन ते चर्चेतच.

तुझी,
मावशी