ताटाचा हिशेब पेरणीपूर्वी

रोहिणी नक्षत्र जवळ आले की गावात बी-खताची बोलणी सुरू होतात. कोणते वाण घ्यावे, उधारी कोठे मिळेल, नांगरट कोणी करावी, या गोष्टींवर पारावर रोज चर्चा होते. घरातील माणसांनी येते वर्षभर काय खावयाचे हा प्रश्न मात्र त्या चर्चेत निघत नाही. तो प्रश्न निघतो सप्टेंबरमध्ये. २०१८ सालापासून देशात हा महिना पोषण महिना म्हणून पाळला जातो. अंगणवाडीत स्त्रिया जमतात, डाळी व पालेभाज्या मांडल्या जातात, आहाराची माहिती सांगितली जाते. हे काम चांगलेच आहे. परंतु त्या वेळी शेतात सोयाबीनला शेंगा भरू लागलेल्या असतात व कपाशीला पात्या लागलेल्या असतात. शेतात काय पिकवावयाचे याचा निर्णय तीन महिन्यांपूर्वीच झालेला असतो, आणि बहुधा तो या सभेत न आलेल्या घरच्या कर्त्या पुरुषाने केलेला असतो.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पोषणाचा पहिला पाठ मे महिन्यात, बियाण्याची पिशवी घरात येण्यापूर्वी द्यावा, आणि तो स्त्री-पुरुषांना एकत्र बसवून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ही गोष्ट मी चुकून शिकलो. नोकरीच्या आरंभीच्या काळात मराठवाड्यातील एका गावी सोयाबीनचे प्रात्यक्षिक घेतले होते. शेताच्या मालकाची वृद्ध आई पेरणीच्या दिवशी ओटीत मूठमूठ बी घेऊन आली. अंबाडी, चवळी, भेंडी, थोडे तीळ. दर काही ओळींनंतर एक पाटा टाकावा असे तिचे म्हणणे होते. ओळी शुद्ध राहाव्यात व तणनाशक फवारता यावे म्हणून मी ते बी टाकू दिले नाही. पीक उत्तम आले. काढणीनंतर भेटलो तेव्हा ती म्हणाली, "साहेब, पोती तर भरली. पण औंदा घरात भाजी नाही अन् डाळबी इकत आणावी लागती." मी हसून विषय बदलला. पुढे तिच्या नातवाचे वजन वयाच्या मानाने कमी भरल्याचे अंगणवाडीच्या नोंदीत पाहिले. एका पाट्यामुळे ते घडले असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण त्या घरातील जेवणातून दोन-तीन पदार्थ कमी झाले होते आणि ते कमी करण्यात माझा हात होता, एवढे खरे.

ही स्थिती एका घरापुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळली. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी होती. रक्तक्षयाला जंत, वारंवारची बाळंतपणे, मलेरिया अशी इतरही कारणे आहेत. त्यांचा उपचार आरोग्य केंद्रातच व्हावयास हवा, आणि गरोदर स्त्रीच्या लोहाच्या गोळ्या भाजी खाल्ली म्हणून बंद करू नयेत. तथापि रोजच्या ताटात भाकरी व तिखट यांपलीकडे काही नसेल तर गोळ्यांचे काम अर्धेच राहते.

आता हिशेब पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारात सुमारे ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये आणि ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, भाज्यांपैकी १०० ग्रॅम पालेभाजी. पाच माणसांचे घर धरले तर दिवसाला सव्वाचारशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे १५५ किलो डाळ लागते. मुले लहान असतील तर काही कमी. तूर भरडून डाळ करताना टरफल, चुणी वजा जाते, हे लक्षात घेतले तर साधारण दोन क्विंटलांहून थोडी अधिक तूर किंवा तेवढे अन्य कडधान्य घरात राहावयास हवे. हा आकडा सभेत मोठ्याने सांगावा आणि प्रत्येकास विचारावे, "तुमच्या घरी मागील वर्षी किती राहिले?" उत्तर देताना पुष्कळ जण प्रथम बायकोकडे पाहतात. तेथूनच खरी सभा सुरू होते.

सोयाबीन सोडून द्यावे असे कोणीही सांगू नये. त्यावर घरची देणी भागतात. चार ओळी सोयाबीन व दोन ओळी तूर ही शिफारस आपल्याकडे जुनीच आहे, तिचा अवलंब करावा. बऱ्या पावसाच्या वर्षी अशा एका एकरातून एका घराची तूर निघू शकते, आणि पावसाने मध्येच ओढ दिली तरी खोल मुळांची तूर तग धरते. तूर हाती येईपर्यंत पाच-सहा महिने जातात. त्याआधीची सोय म्हणून थोड्या क्षेत्रात मूग किंवा उडीद घ्यावा, तो अडीच महिन्यांत निघतो. भाकरीबरोबर वरण किंवा उसळ असली म्हणजे धान्यातील प्रथिनांत जे उणे आहे ते कडधान्य भरून काढते व कडधान्यातील उणीव धान्य भरून काढते. आपल्या जुन्या जेवणाची जोडी या दृष्टीने योग्यच होती.

सोयाबीन स्वतः खाता येत नाही काय, असा प्रश्न हमखास येतो. येते. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. परंतु कच्च्या दाण्यात पचनास अडथळा करणारे द्रव्य असल्याने तो उकळून, वाळवून व भाजून मगच दळावा आणि नऊ भाग ज्वारी किंवा गव्हास एक भाग या प्रमाणात मिसळावा. यापेक्षा जास्त मिसळल्यास भाकरीची चव उतरते आणि घरातील मंडळी दुसऱ्याच दिवशी पीठ वेगळे करावयास सांगतात.

पाट्यांसाठी अंबाडी, चवळी, भेंडी, गवार यांचे बी ठेवावे. ज्या पट्ट्यात पाटे आहेत तेथे तणनाशक न वापरता कोळपणी-खुरपणी करावी. याच संदर्भात एक इशारा द्यावयाचा आहे. तांदुळजा, कुंजर, घोळ या रानभाज्या बांधावरून खुडून आणण्याची चाल चांगली आहे, पण फवारा गेलेल्या शेतातून व त्याच्या बांधावरून भाजी आणू नये. फवारणी पुरुष करतात व भाजी स्त्रिया खुडतात, म्हणून कोणत्या दिवशी कोठे फवारले ते घरात सांगितलेच पाहिजे.

पावसाळा संपल्यावर भाजी मिळते ती आठवडी बाजारात, आणि ती दोन दिवसांत सुकते. येथे परसबागेचा उपयोग होतो. पाच माणसांना रोज अर्धा किलो पालेभाजी हवी. एकदम मोठा वाफा पेरल्यास आठ दिवस भाजी खपत नाही व पुढे महिनाभर मिळत नाही. म्हणून एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असे चार-पाच लहान वाफे करून दर दहा-बारा दिवसांनी एकेक वाफा पेरावा. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर आलटून पालटून घ्यावी. मोरीचे पाणी वाळू व खडीच्या लहान खड्ड्यातून सोडून अळू, केळी, पपई, शेवगा यांना द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीवर टाकू नये. शेवग्याचे एक झाड तरी प्रत्येक घरी असावे. त्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला बहुधा शेळीस घालतो, वास्तविक पोषणाच्या दृष्टीने पाला शेंगेहून सरस आहे.

सभेत स्वयंपाकाच्या सूचना थोड्याच द्याव्यात. भाजी आधी धुवावी व मग चिरावी. झाकण ठेवून शिजवावी, शिजवलेले पाणी ओतून देऊ नये. तेल थोडे तरी घालावे, कारण पाल्यातील अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. ताटात लिंबाची फोड असावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण लिंबाने भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते व चहाने कमी. ही शेवटची सूचना पुरुषांना पटत नाही असा माझा अनुभव आहे, तरी सांगत राहावे.

बियाण्याची सोय गावातच करावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बी जपून त्याची बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तेवढे मोठे काम प्रत्येक गावी होणार नाही, पण बचत गटातील दहा घरांनी प्रत्येकी दोन भाज्यांचे बी धरले तरी गावाची गरज भागते. बी गावरान वाणाचेच धरावे, संकरित वाणाचे धरलेले बी पुढे मूळ गुणाचे येत नाही. दोडका, भोपळा यांच्या निरोगी वेलीवरील एक चांगले पोसलेले फळ खूण करून पूर्ण पिकू द्यावे, बी सावलीत सुकवून चाळलेल्या राखेत मिसळावे व मडक्यात तोंड बांधून ठेवावे. मडक्यावर भाजीचे नाव व साल लिहावे. मे महिन्याच्या सभेस येताना प्रत्येकीने आपले मडके बरोबर आणावे आणि अदलाबदल तेथेच करावी.