आवाजाचा चढउतार व संगणकांतील कंप्रेसर

गायनांत चढउतार नसेल तर तें निर्जीव वाटतें. आणि चढउतार फार झाला तर ध्वनिमुद्रणांत अर्धे शब्द ऐकूंच येत नाहींत. या दोहोंमधला मार्ग काढणें हें मिक्सिंग करणाराचें, म्हणजे निरनिराळे मुद्रित आवाज एकत्र मिळवून त्यांतून एक गाणें सिद्ध करणाराचें, नित्याचें काम होय. या कामीं त्याला जें साधन फार उपयोगीं पडतें, आणि ज्याचा दुरुपयोगहि तितकाच होतो, तें म्हणजे कंप्रेसर. आपले पुष्कळ विद्यार्थी हल्लीं घरच्या संगणकावर गाणीं मुद्रित करतात. स्नेहसंमेलनाचीं गीतेंहि कित्येकदां त्यांच्याच हातून तयार होतात. अशा विद्यार्थ्यांस या साधनाचें खरें कार्य समजावें, व तें वापरतांना आपलेच कान आपणांस कसे फसवितात हें कळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम कंप्रेसरची गरज कां पडते तें पाहूं. गायकासमोर बसून गाणें ऐकतांना त्यानें हळू उच्चारलेला शब्द आपण त्याच्या मुद्रेवरून, ओठांच्या हालचालीवरून व सभोंवतालच्या शांततेमुळें ओळखतों. मुद्रित गाण्याला हा आधार नसतो. तें कोणी एस. टी. च्या गाडींत फोनवर ऐकतो, तर कोणी स्वयंपाक करतां करतां ऐकतें. हळू शब्द इंजिनाच्या घरघरींत बुडून जातो. आणि तो ऐकूं यावा म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच ओळींतला तार सप्तकांतला स्वर कानठळ्या बसवितो. रेडिओ केंद्रांस अशीच अडचण १९३० नंतरच्या दशकांत जाणवूं लागली होती. आवाज ठराविक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे प्रक्षेपण बिघडे. म्हणून आवाज आपोआप आवरणारीं विजेचीं यंत्रें वापरांत आलीं. पुढें तशीं यंत्रें ध्वनिमुद्रणशाळांतहि रुळलीं. १९६० नंतरच्या दशकांत टेलेट्रॉनिक्स कंपनीचें एलए-२ए आणि बिल पुटनम यांनीं रचलेलें ११७६ हीं दोन यंत्रें विशेष नांवाजलीं. १९९६ सालीं स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनें व्हीएसटी नांवाची जोडणीची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या योगें निरनिराळ्या लोकांनीं लिहिलेलीं ध्वनिसंस्काराचीं लहान साधनें संगणकावरील मुख्य प्रणालीस जोडतां येऊं लागलीं. अशा जोडसाधनास प्लग-इन म्हणतात. लोखंडी पेटींतलें यंत्र एका वेळीं एकाच आवाजावर चाले. प्लग-इन मात्र एकाच गाण्यांत वीस ठिकाणीं लावतां येतें, व त्याची प्रत्येक मांडणी गाण्याबरोबर जपून ठेवतां येते.

आतां कंप्रेसरचें कार्य उदाहरणानें पाहूं. संगणकांत आवाजाची पातळी डेसिबलमध्यें मोजतात. जास्तीत जास्त पातळीस शून्य मानलेलें असतें. त्याखालचे सर्व आंकडे उणे असतात. समजा, एका गीतांत मोठ्यानें गाइलेला स्वर उणे ८ वर आणि हळू शब्द उणे २६ वर आहे. म्हणजे दोहोंत १८ डेसिबलचें अंतर आहे. कंप्रेसरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा: कोणत्या पातळीपासून पुढें आवाज आवरावयाचा. दुसरी रेशो, म्हणजे प्रमाण: किती आवरावयाचा. उंबरठा उणे २० वर व प्रमाण ४ ला १ असें ठेवलें, तर मोठा स्वर उंबरठ्यावर १२ डेसिबल चढला असल्यानें त्याला फक्त ३ डेसिबल चढूं दिलें जाईल, व तो उणे १७ वर येईल. हळू शब्द उंबरठ्याच्या आंतच असल्यामुळें उणे २६ वरच राहील. अंतर १८ चें ९ झालें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. कंप्रेसर हळू शब्दाला मोठा करीत नाहीं. तो मोठ्या स्वराला लहान करतो. त्यानंतर मेकअप गेन नांवाच्या नॉबनें आपण सर्वच आवाज एकदम वर उचलतों. वरील उदाहरणांत ९ डेसिबल उचलले, तर मोठा स्वर पुन्हां उणे ८ वर जाईल, पण हळू शब्द उणे १७ वर येईल व स्पष्ट ऐकूं येईल. मात्र शब्दाबरोबर खोलींतला पंखा, रस्त्यावरची रहदारी व गायकाचा श्वास हींहि ९ डेसिबल वर येतील. म्हणून चांगल्या कंप्रेशनची सुरवात संगणकावर होत नाहीं. ती मुद्रण करण्यापूर्वीं पंखा बंद करण्यांत व खिडकी लावण्यांत होते.

उंबरठा व प्रमाण यांखेरीज काळाचे दोन नॉब असतात. आवाज उंबरठ्यावर चढल्यानंतर किती वेळांत आवर घालावा हें अटॅक ठरवितो. आवाज खालीं आल्यावर किती वेळांत आवर सोडावा हें रिलीज ठरवितो. हे दोन्हीं काळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. तबल्याचें उदाहरण घेऊं. चाटेवर बोट आपटतांच होणारा टणत्कार अवघे कांहीं मिलिसेकंद टिकतो, व त्यामागून आंस उरते. अटॅक १ मिलिसेकंद ठेवला तर कंप्रेसर तो टणत्कारच पकडतो, व बोल बोथट होतो. अटॅक ३० मिलिसेकंद ठेवला तर टणत्कार निसटून जातो, मागची आंस तेवढी दबते, आणि बोल पूर्वींपेक्षांहि ठसठशीत वाटतो. एकाच साधनाचे हे दोन परस्परविरुद्ध परिणाम आहेत, व ते केवळ २९ मिलिसेकंदांच्या फरकानें घडतात.

रिलीजचीहि गोष्ट तशीच. तो फार दीर्घ ठेवला तर मोठा स्वर संपून गेल्यावरहि आवर तसाच राहतो, व त्यामागून येणारा हळू शब्द, ज्याच्यासाठीं हा सर्व खटाटोप केला तोच, दबून जातो. तो फार अल्प ठेवला तर दुसरा दोष उत्पन्न होतो. सेकंदास १०० आंदोलनें करणाऱ्या खर्जाच्या ध्वनीचें एक आंदोलन १० मिलिसेकंदांत पुरें होतें. रिलीजहि त्याच सुमाराचा असेल तर कंप्रेसर प्रत्येक आंदोलनागणिक आवर घालूं-सोडूं लागतो, व डग्ग्याच्या घुमाऱ्यांत खरखर शिरते. हार्मोनियमची तऱ्हा निराळी. भाता सारखा चालला असतां तिचा आवाज मुळांतच बराच एकसारखा असतो. तिच्यावर कंप्रेसर लावण्याची गरज बहुधा पडतच नाहीं. प्लग-इन हाताशीं आहे म्हणून तें प्रत्येक वाद्यावर लावलेंच पाहिजे असें नाहीं.

जुन्या यंत्रांच्या संगणकीय प्रतिकृति हल्लीं पुष्कळ मिळतात. त्या वापरण्यापूर्वीं मूळ यंत्राचा स्वभाव जाणून घ्यावा. एलए-२ए मध्यें आवाजाच्या प्रमाणांत उजळणारा एक प्रकाशक असतो, व त्या प्रकाशानुसार विजेला कमीजास्त विरोध करणारा घटक आवाज आवरतो. त्याचें वागणें सौम्य असतें. अटॅक व रिलीज यांचे नॉब त्यावर नाहींतच. ११७६ याच्या उलट अतिशय चपळ. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंदांच्या दरम्यान असतो. म्हणजे त्याचा मंदांत मंद अटॅकहि एका मिलिसेकंदाच्या आंतलाच. शिवाय त्यावर नॉब उजवीकडे फिरविला असतां अटॅक मंद न होतां अधिक वेगवान होतो, व मूळाशीं इमान राखणाऱ्या प्रतिकृतींत ही उलटी चाल तशीच ठेवलेली असते. ज्याला हें ठाऊक नाहीं तो तबल्याचा बोल ठसठशीत करावयास जातो आणि तो बोथट करून बसतो. तयार मांडण्यांचेंहि असेंच आहे. 'गायनासाठीं' असें नांव दिलेल्या मांडणींत उंबरठा कोठें ठेवावा हें ती करणारास ठाऊक असणें शक्य नाहीं, कारण तुमचा गायक किती मोठ्यानें गाइला हें त्यानें ऐकलेलेंच नाहीं.

आतां ज्या फसवणुकीचा आरंभीं उल्लेख केला तिच्याकडे वळूं. मेकअप गेन वाढवितांच आवाज अधिक भरदार व अधिक जवळचा भासतो, आणि नवशिका म्हणतो, 'कंप्रेसरनें गाणें किती सुधारलें!' वास्तविक तें बहुतांशीं केवळ मोठें झालेलें असतें. याचें कारण कानाच्या घडणींत आहे. फ्लेचर व मन्सन या संशोधकांनीं १९३३ सालीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, मंद आवाजांत आपल्या कानांस खर्जाचे ध्वनि मानानें कमी ऐकूं येतात. आवाज वाढला कीं ते अधिक भरून येतात. म्हणून तीच वस्तु किंचित् मोठी वाजविली तरी ती अधिक गोड वाटते. यावर उपाय एकच. कंप्रेसर लावलेला व न लावलेला असे दोन्हीं आवाज प्रथम कानाला सारखेच मोठे लागतील असे जुळवून घ्यावे, आणि मगच तुलना करावी. तशा तुलनेंत कंप्रेसर लावलेलें गाणें अधिक चांगलें वाटलें तरच तो ठेवावा. न वाटल्यास निःसंकोचपणें काढून टाकावा.

हा मोह नवशिक्यांपुरताच आहे असें नव्हे. आपलें गाणें शेजारच्या गाण्याहून मोठें ऐकूं यावें या चढाओढींत मोठमोठे व्यवसायीहि सांपडले. २००८ सालीं मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह निघाला, तेव्हां तो अति दाबून मोठा केल्यामुळें कर्कश झाल्याची तक्रार त्यांच्याच चाहत्यांनीं केली. या चढाओढीस आळा घालण्याचीं साधनेंहि निघालीं आहेत. कानाला भासणारा सरासरी मोठेपणा मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००६ सालीं ठरवून दिली. २०१० सालीं युरोपांतील प्रक्षेपण संघानें कार्यक्रमांसाठीं उणे २३ ही पातळी नेमली. गाणीं ऐकविणाऱ्या सेवाहि निरनिराळीं गाणीं अशाच एका सरासरी पातळीवर आणून वाजवूं शकतात. त्यामुळें जें गाणें दाबून मोठें केलें तें तेथें खालीं ओढलें जातें. मोठेपणा जातो, आणि चपटेपणा तेवढा शिल्लक राहतो.

शेवटीं कामाची एक रीत सांगतों. मुद्रित गीत प्रथम कंप्रेसरशिवाय अथपासून इतिपर्यंत ऐकावें, व जेथें शब्द हरवतो तेथें कागदावर खूण करावी. अशीं स्थळें दोन-चारच असतील तर तेवढ्याच शब्दांचा आवाज हातानें वाढवावा. तेथेंच काम संपलें. स्थळें पुष्कळ असतील तर २ किंवा ३ ला १ या प्रमाणानें आरंभ करावा, आणि मोठ्या स्वरांवर आवर दाखविणारा कांटा २ ते ४ डेसिबलांच्या दरम्यान हलेल असा उंबरठा लावावा. अटॅक व रिलीज ठरवितांना डोळे मिटून फक्त शब्दांच्या आरंभाकडे व अखेरीकडे लक्ष द्यावें. मग दोन्हीं आवाज सारख्या मोठेपणाचे करून एखाद्या मित्रास बटण दाबावयास सांगावें, व कोणता आवाज कोणता हें न पाहतां आपण निवड करावी. दहा वेळां करून पाहावें. निवड दर वेळीं बदलत असेल तर कंप्रेसरनें कांहीं साधलें नाहीं असें समजावें.

हा खटाटोप कशासाठीं? समूहगीतांत एखाद्या मुलाचा आवाज मुळांतच बारीक असतो, परंतु गीताचा अर्थ नेमका त्याच्या ओळींतल्या शेवटच्या शब्दांत असतो. तो शब्द घरीं बसलेल्या त्याच्या आईला फोनवर स्वच्छ ऐकूं आला, आणि तरीहि तो हळूच म्हटलेला आहे हें तिला कळलें, म्हणजे मिक्सिंग साधलें. शब्द बुडाला तर काम अपुरें राहिलें; आणि तो ओरडल्यासारखा वाटला तर कंप्रेसर प्रमाणाबाहेर लागला.